वेस्ली कल्प: स्वतःच्याच गावावर चालून आलेला सैनिक

रानजाई

आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे मेरिलँडला आली आहे. गेटिसबर्ग, म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ साली मोठी लढाई झाली ते गाव, आमच्या घरापासून मोटारीने पाऊण तासावर. एरवी पाहुण्यांना घेऊन जायचं, तोफा दाखवायच्या, लिंकनच्या भाषणाची जागा दाखवायची आणि परत यायचं. या वेळी आईचे गुडघे दुखत होते. रणांगणावर फार चालणं जमणार नव्हतं, म्हणून आम्ही गावातच फिरलो. तिथे एका पोराची गोष्ट हाती लागली. आठवडा झाला, मनातून जात नाही.

जॉन वेस्ली कल्प. जन्म १८३९, गेटिसबर्गचाच. अंगाने ठेंगणा, उंची पाच फुटांच्या आसपास. गेटिसबर्गला तेव्हा बग्ग्या बनवण्याचा मोठा धंदा होता. वेस्लीही हॉफमन नावाच्या बग्गीवाल्याकडे कामाला लागला. युद्धाच्या काही वर्षं आधी हॉफमनने आपला कारखाना दक्षिणेला, पोटोमॅक नदीपलीकडे व्हर्जिनियातल्या शेफर्ड्सटाउनला हलवला. मालकामागे कारागीर गेले, त्यांत वेस्लीही गेला. कोकणातली पोरं गिरणीसाठी लालबाग-परळला गेली तसंच हे. आज मोटारीने तास-सव्वा तासाचं अंतर. पोटासाठी गेलेल्या पोराला आपण सरहद्द ओलांडतोय असं वाटलंही नसेल.

शेफर्ड्सटाउनला त्याला मित्र मिळाले. गावच्या पोरांचं एक हौशी लष्करी पथक होतं, हॅमट्रॅमक गार्ड्स. गणवेश, कवायत, गावात मान. वेस्ली त्यात सामील झाला. एप्रिल १८६१मध्ये उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत युद्ध पेटलं, व्हर्जिनिया संघराज्यातून फुटून दक्षिणेच्या बाजूला गेली आणि हौशी पथकाची एका दिवसात फौज झाली. गेटिसबर्गहून आलेली इतर काही पोरं सामान बांधून घरी परतली. वेस्ली राहिला. त्याचं पथक दुसऱ्या व्हर्जिनिया रेजिमेंटची 'बी' कंपनी झालं, आणि ती रेजिमेंट 'स्टोनवॉल' जॅक्सनच्या ब्रिगेडमध्ये गेली.

तिकडे गेटिसबर्गला थोरला भाऊ विल्यम उत्तरेच्या सत्त्याऐंशीव्या पेन्सिल्व्हेनिया रेजिमेंटमध्ये भरती झाला. त्याच्याबरोबर वेस्लीचा बालमित्र जॅक स्केली.

जून १८६३. दक्षिणेचा सेनापती ली आपली फौज घेऊन उत्तरेकडे निघाला. वाटेत विंचेस्टरला लढाई झाली, त्यात दोघा भावांच्या रेजिमेंटा समोरासमोरच्या बाजूंना होत्या. उत्तरेचा पाडाव झाला. जखमी कैद्यांमध्ये वेस्लीला जॅक स्केली दिसला. त्याने त्याच्या उपचारांची सोय लावली. जॅकने त्याच्याजवळ एक निरोप दिला: कधी गेटिसबर्गला गेलास तर घरी सांग. दोन आठवड्यांत वेस्ली खरोखरच गेटिसबर्गला पोचला, पण फौजेबरोबर.

१ जुलैला दक्षिणेच्या सैन्याने गाव घेतलं. वेस्लीची ब्रिगेड संध्याकाळी पूर्वेच्या बाजूला येऊन थांबली. वरिष्ठांची परवानगी काढून तो मिडल स्ट्रीटवर बहिणीच्या घरी गेला. दोन्ही बहिणी भेटल्या. जॅकच्या आईसाठी निरोप आहे एवढं त्याने सांगितलं. काय ते सांगितलं नाही. मी स्वतः येऊन सांगेन म्हणाला आणि छावणीत परतला. तो परत आला नाही. कल्प्स हिल, म्हणजे त्याच्याच आडनावाची टेकडी, त्या बाजूच्या चकमकीत तो मेला. वय २४. सगळ्या गोष्टींत ही टेकडी त्याच्या काकाची होती असं सांगतात. बहिणींनी शोध शोध शोधलं. प्रेत मिळालं नाही. बंदुकीचा लाकडी दस्ता मिळाला, त्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं.

जॅकने निरोप दिला तो जेनी वेड या मुलीसाठी होता असं म्हणतात. ती ३ जुलैला सकाळी बहिणीच्या घरी सैनिकांच्या पावासाठी पीठ मळत होती. एक गोळी दोन दारं भेदून आत आली. वय २०. तीन दिवसांच्या लढाईत थेट गोळीने मेलेली गावातली ती एकटीच. बहीण आठवड्याची बाळंतीण होती. जॅक १२ जुलैला विंचेस्टरला वारला. जेनी गेली हे त्याला कळलं नाही, वेस्ली गेला हेही नाही.

ते घर आता संग्रहालय आहे. दारातलं भोक बघून बाकीचे लोक फोटो काढत होते. आई त्या जागेपाशी उभी राहून म्हणाली, "अगं, त्या मळलेल्या पिठाचं काय झालं?" मला सांगता आलं नाही.

परतताना ती म्हणाली, "त्या पोराचं लिही. त्याला दोन्हीकडे कोणी नाही." म्हणून लिहिलं. या विषयावर इथे जाणकार आहेत. वेस्ली परत का फिरला नसेल? तुम्हाला काय वाटतं?

शेवंता

आईंचा पिठाचा प्रश्न वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडला.

तुझ्या प्रश्नाबद्दल: बावीस वर्षांचा होता तो तेव्हा. गेटिसबर्गला परतायचं म्हणजे नोकरी सोडायची, खोली सोडायची, रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर बसतो ती चार माणसं सोडायची. त्या वयात "माझी माणसं" म्हणजे रोज भेटणारी माणसं. मी नोकरीसाठी बंगळूरला गेले तेव्हा दोन वर्षांत माझ्या बोलण्यात "आमच्याकडे" म्हणजे बंगळूर झालं होतं. आई-बाबांना ते लागायचं. फुटीचा इतका मोठा विचार त्याने केला असेल असं मला वाटत नाही.

माजी_सुभेदार

रानजाई ताई, चांगलं लिहिलंत. मी पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली, तेवढ्यावरून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, परवानगीची. शत्रूच्या मुलखात, लढाई चालू असताना, एक शिपाई म्हणतो "माझी बहीण या गावात राहते, जाऊन येतो", आणि त्याला सोडतात. पळून जाईल अशी शंका घेतली नाही, म्हणजे दोन वर्षांत त्याने तेवढा विश्वास कमावला होता. आणि तो परत आला. बहिणीचं घर, ऊन जेवण, तळघरात लपायला जागा, एवढं समोर असताना तो रात्री उठून छावणीत गेला. त्याची बाजू चूक होती हे मला मान्य आहे. पण कंपनीतल्या पोरांना सोडून राहणं त्याला जमलं नाही, हे मी शंभर टक्के समजू शकतो. शिपाई भाषणासाठी लढत नाही, शेजारच्यासाठी लढतो.

दुसरी, दस्त्यावरच्या नावाची. आज सरकारी हत्यारावर नाव कोरलंत तर शिक्षा होईल. पण त्या युद्धात ओळखीचे बिल्ले सरकार देत नव्हतं. शिपाई चिठ्ठीवर नाव-गाव लिहून कोटाला टाचत, सामानावर कोरत. मेलो तर कोणीतरी ओळखावं म्हणून. बिचाऱ्याची बंदूक ओळखली, तो राहिला.

कागदपत्रे

धागा आवडला. ही गोष्ट दीडशे वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे, म्हणून काही दुरुस्त्या. गोष्टीचं मोल त्यामुळे कमी होत नाही.

टेकडी हेन्री कल्प यांच्या मालकीची. ते वेस्लीचे सख्खे काका नव्हेत, वडिलांच्या चुलत नात्यातले. "काकाच्या शेतात मेला" हे ऐकायला जुळून येतं म्हणून टिकलं आहे.

मेला ती जागा बहुधा टेकडीवरची नाहीच. ३ जुलैला पहाटेपासून जवळजवळ सात तास कल्प्स हिलवर जी घनघोर लढाई झाली, तिच्या कडेला, रॉक क्रीक ओढ्याच्या पूर्वेला दुसरी व्हर्जिनिया चकमकी लढत होती. त्या बाजूला वुल्फ हिल आहे. मृत्यूची तारीखही काही ठिकाणी २, काही ठिकाणी ३ जुलै.

निरोपाचं सगळ्यात नाजूक. जॅक स्केली आणि त्या मुलीचा पत्रव्यवहार होता, लग्नाचं ठरल्यात जमा होतं असं मानतात. पण वेस्लीने बहिणींजवळ नाव घेतलं ते जॅकच्या आईचं. निरोप प्रेयसीसाठी होता हे नंतर लोकांनी जोडलेलं दिसतं. मरणाच्या दारातला विशीतला पोरगा आईला काही सांगू पाहतो, हे मला जास्त खरं वाटतं. आणि मुलीचं नाव मेरी व्हर्जिनिया, घरात "जिनी". "जेनी" हे वर्तमानपत्रांच्या चुकीमुळे रुजलं.

ठेंगणेपणामुळे त्याच्यासाठी मुद्दाम आखूड बंदूक बनवली होती ही कथाही भेटेल. ती सोडून द्यावी.

रानजाई

कागदपत्रे, मनापासून आभार. मूळ लेख तसाच ठेवते, म्हणजे तुमच्या दुरुस्तीचा संदर्भ राहील. निरोप आईसाठी होता हे वाचल्यापासून ती बाई डोळ्यांसमोर येते. मिडल स्ट्रीटवर वेस्ली बसला होता तेव्हा ती त्याच गावात होती. कोणीतरी पळत जाऊन तिला बोलावलं असतं तर?

सुभेदार काका, तो परत गेला याकडे मी असं पाहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं, घरच्यांशी खटकलं असेल. विल्यम युद्धातून वाचला, आणि पुढे त्याने भावाचं नाव काढलं नाही असं घराण्यात सांगतात.

निळाई

लेख वाचला, प्रतिसाद वाचले, वेस्लीसाठी वाईट वाटलं. तरी एक गोष्ट इथे अजून कोणीच म्हटलेली नाही.

"भाऊ भावाविरुद्ध" या शब्दांत अमेरिकेतलं यादवी युद्ध सांगितलं की चाळीस लाखांच्या आसपास माणसं चित्रातून नाहीशी होतात. १८६०च्या शिरगणतीत अमेरिकेत साधारण ३९.५ लाख गुलाम होते. त्यांतले जवळजवळ ४.९ लाख एकट्या व्हर्जिनियात. मिसिसिपी राज्याने फुटताना जे निवेदन काढलं त्यात आपली बाजू गुलामगिरीशी पूर्ण जोडलेली आहे असं उघड लिहिलं आहे. शेफर्ड्सटाउनपासून थोड्याच अंतरावर हार्पर्स फेरी आहे. तिथे १८५९ साली जॉन ब्राउनने गुलामांच्या उठावासाठी शस्त्रागारावर छापा घातला आणि फाशी गेला. वेस्ली राहत होता त्या भागात हा प्रश्न घराघरात बोलला जात होता.

आणि ज्या स्वारीत वेस्ली गावी आला, त्याच स्वारीत लीच्या फौजेने पेन्सिल्व्हेनियातल्या कृष्णवर्णीय माणसांना धरून दक्षिणेत नेलं. स्वतंत्र माणसं, बायका, मुलं. गेटिसबर्गमधल्या कृष्णवर्णीयांनी फौज यायच्या आत घरंदारं टाकून पळ काढला तो यासाठी. त्यांच्यातल्या अब्राहम ब्रायन यांचं शेत तर रणांगणाच्या मधोमध आहे. वेस्लीला बहीण भेटली. त्या रात्री किती बहिणी रानोमाळ होत्या?

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या ज्या सज्जन लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली त्यांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना त्या युद्धात काय पणाला लागलं होतं ते स्वच्छ दिसत होतं. युद्ध संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. आपण मराठीत या युद्धाविषयी लिहिणार असू तर ती अर्पणपत्रिका आठवूनच लिहावं असं मला वाटतं.

चौकट

निळाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण प्रत्येक धाग्यात हे आणायलाच हवं का? हा एका पोराच्या मरणाचा धागा आहे. त्याच्याकडे गुलाम नव्हते. कामगार होता.

निळाई

चौकट, त्याच्याकडे गुलाम नव्हते हे मान्य. त्याच्या खांद्यावर बंदूक होती, आणि ती बंदूक ज्यांच्याकडे गुलाम होते त्यांच्या कामी येत होती. या दोन्ही गोष्टी एकाच पोराच्या आहेत. दुःख करू नका असं मी कुठे म्हटलं? दुःख करताना डोळे उघडे ठेवू एवढंच.

रानजाई

निळाई, हे मी लिहायला हवं होतं. राहून गेलं, आणि राहून गेलं याचं वाईट वाटतं. गावात फिरताना वाटाड्याने ब्रायन यांच्या घराकडे हात केला होता. मी मान हलवली आणि पुढे गेले.

चौकट, या बाबतीत मी निळाईच्या बाजूने आहे. वेस्लीबद्दलची माझी हळहळ तसूभरही कमी होत नाही. उलट वाढते. मालक गेला तिकडे गेला, मित्र गेले तिकडे गेला, आणि आपण कशासाठी उभे आहोत हे विचारण्याइतकी उसंत त्याला मिळाली की नाही कोण जाणे. मला तो निर्दोष वाटत नाही, आणि तरी तो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वाचताना आणखी एक कळलं, ते इथे नोंदवते. लढाईनंतर उत्तरेच्या सैनिकांसाठी राष्ट्रीय दफनभूमी झाली, जिथे १९ नोव्हेंबर १८६३ला लिंकनने भाषण केलं. शेताशेतांत घाईने पुरलेली तीन हजारांवर प्रेतं उकरून तिथे नेली. ते उकरण्याचं काम बेसिल बिग्ज या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने आणि त्याच्या माणसांनी केलं. त्याचं स्वतःचं घर-शेत लढाईत नासलं होतं. दक्षिणेचे सैनिक मात्र चरांतच राहिले. १८७१ ते १८७३ दरम्यान त्यांचे तीन हजारांवर सांगाडे उकरून दक्षिणेत पाठवले, बहुतेक रिचमंडला. वेस्ली त्यांत असेल तर निनावी म्हणून व्हर्जिनियात गेला असेल. नसेल तर अजून गावातच आहे.

वऱ्हाडकर

या युद्धाचा धागा निघाला आणि कापूस आला नाही असं कसं होईल! आम्ही खामगावकडचे.

युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा पाऊण हिश्शाहून जास्त भाग अमेरिकेतून यायचा, आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असायचा. युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. मग इंग्रजांना आमची काळी माती आठवली. वऱ्हाडचा, खानदेशचा, गुजरातचा कापूस मुंबईला जाऊ लागला आणि भाव कधी नव्हे इतके चढले. आमच्या घरात पणजोबांच्या तोंडची आठवण सांगायचे की एका पाटलाने गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली होती. खरं-खोटं देव जाणे, पण असं सांगणारी घरं वऱ्हाडात बरीच आहेत.

मुंबईत त्या पैशावर सट्टा उसळला. प्रेमचंद रायचंद हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर आकाशाला भिडले. ९ एप्रिल १८६५ला लीने शरणागती दिली, बातमी आली, कापूस गडगडला आणि मुंबई बुडाली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्या देणगीतून उभा आहे, आईचं नाव दिलं आहे.

रानजाई ताई, तुमच्या वेस्लीला वऱ्हाड कुठे आहे ते माहीत असण्याचं कारण नाही. पण तो लढत होता म्हणून आमच्याकडे कापसाला भाव होता. हे मी पहिल्यांदाच असं जोडून पाहिलं, आणि जिवाला बरं वाटलं नाही.

भीमथडी

वऱ्हाडकर, पुढचा भाग आमच्याकडचा. भाव चढले तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. भाव पडले, वर सरकारने सारा वाढवला. जमिनी सावकाराच्या नावावर जाऊ लागल्या. १२ मे १८७५ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांवर चाल केली आणि खतं, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. मग पुणे-नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी तेच झालं. सरकारला १८७९मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जांबाबत कायदा करावा लागला. शाळेत "दख्खनचे दंगे" म्हणून दोन ओळी होत्या. अमेरिकेतल्या युद्धाचं नाव त्यात असलं तरी मास्तर त्यावरून पुढे सरकले होते.

ओवी

मी इथे फक्त वाचत असते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या आजीचे दोन भाऊ. थोरले इंग्रजांच्या फौजेत, १९४४ला ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. धाकटे मलायात युद्धकैदी झाले आणि तिथून आझाद हिंद सेनेत गेले. एकमेकांसमोर आले की नाही ते कोणालाच माहीत नाही. धाकटे परत आले नाहीत. थोरले आले, पेन्शन घेतली, शेती केली, ८०च्या वर जगले. घरात स्वातंत्र्यानंतर धाकट्यांचा फोटो हार घालून लावला, थोरल्यांचा गणवेशातला फोटो ट्रंकेत ठेवला. थोरल्या मामाआजोबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण दर पितृपक्षात धाकट्याचं पान ते स्वतः वाढायचे, दुसऱ्या कोणाला वाढू द्यायचे नाहीत, आणि कावळा शिवेपर्यंत गच्चीवर उन्हात उभे राहायचे.

विल्यमने वेस्लीचं नाव काढलं नाही म्हणतात. नाव न काढणारी माणसं मनात काय ठेवतात ते बाहेरून कळत नाही.

माजी_सुभेदार

ओवी बाळा, तुझ्या मामाआजोबांना माझा नमस्कार.

शेवंता

ओवी, लिहीत जा.

कागदपत्रे

आईंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं.

गोळी लागल्यावर घरातल्या सगळ्यांना, बाळ-बाळंतिणीसह, सैनिकांनी तळघरात हलवलं. जिनीला रजईत गुंडाळून तिथेच आणलं. लढाई थांबेपर्यंत तिची आई तिच्याजवळ बसून होती. ४ जुलैला आई वर आली. लेकीने मळून ठेवलेलं पीठ तिने वापरलं आणि त्याचे पंधरा पाव भाजले.

जिनी आता एव्हरग्रीन दफनभूमीत आहे. जॅक स्केलीलाही नंतर विंचेस्टरहून आणून तिथेच पुरलं आहे, तिच्यापासून फार लांब नाही.

रानजाई

तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती चहा गाळत होती. गाळणं तसंच धरून म्हणाली, "पंधरा? म्हणजे परातभर मळलं होतं गं पोरीनं."

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. एव्हरग्रीनला जिनीच्या थडग्यावर दिवसरात्र झेंडा असतो, त्यामुळे लगेच सापडतं. जॅकचा दगड शोधायला दहा मिनिटं लागली. मग ब्रायन यांच्या घरापाशी थांबलो. लहानसं पांढरं लाकडी घर आहे, दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर भरेल एवढं. आई ओट्याशी बसली.

तिथून गाडीने रॉक क्रीकच्या पलीकडे गेलो. कागदपत्रे, तुम्ही म्हणालात त्या बाजूला. रस्ता झाडीतून जातो. मोठी पाटी नाही, पुतळा नाही. कडेला गाडी लावून थोडं आत गेलो. पावसाने पानं कुजली होती, ओढ्याला पाणी होतं. आईने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "इथून त्याच्या बहिणीचं घर किती लांब?"

मी फोनवर बघून सांगितलं, चालत गेलं तर तासभरही नाही.

"आणि निरोप?"

"कोणालाच माहीत नाही काय होता तो."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग पदर खोचून चिखलातून गाडीकडे चालू लागली. गुडघा दुखत होता, तरी माझा हात धरला नाही.